आईचा स्वेटर उसवून बाळाचा कसा विणावा

कपाटाच्या वरच्या खणात नाहीतर पलंगाखालच्या ट्रंकेत हाताने विणलेला एखादा जुना स्वेटर बहुतेक घरांत असतोच. विणणारी बाई गेलेली असते, ज्याच्यासाठी विणला त्याचं पोट सुटलेलं असतं, आणि स्वेटर आठवण म्हणून पडून राहतो. मग कधीतरी उघडून बघावं तर कसर लागलेली. माझं मत विचाराल तर असा स्वेटर जपून ठेवू नये, उसवावा. चांगली लोकर माणसापेक्षा जास्त टिकते, आणि घरात बाळ यायचं असेल तर तिच्यासाठी याहून चांगलं काम नाही.

आमच्याकडे हे पहिल्यापासून चालत आलंय. माझं माहेर निफाडचं. दर हिवाळ्यात राज्यात पारा सगळ्यात खाली कुठे गेला याची बातमी आली की त्यात निफाडचं नाव असतंच, त्यामुळे तिथे स्वेटर म्हणजे हौस नव्हे. वडिलांचा स्वेटर कोपरांत विरला की तो उसवून थोरल्या भावाचा व्हायचा, भावाचा आखूड झाला की माझा, आणि उरलंसुरलं पायमोजे नाहीतर कानटोपीत जायचं. आता मी डोंबिवलीत राहते. इथली थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार पहाटा. तरी यंदा मुलाला दुसरी मुलगी झाली आणि मी आईचा वांगी रंगाचा स्वेटर बाहेर काढला. तो कसा उसवला, लोकर कशी धुतली आणि त्यातून बाळाचं झबलं कसं विणलं, ते सांगते. विणकामाची अजिबात ओळख नसली तरी जमेल, कारण यात फक्त सुलट टाका लागतो.

आधी स्वेटर तपासा

स्वेटर उलटा करून बगलेखालची शिवण बघा. हाताने विणलेल्या स्वेटरचे भाग वेगवेगळे विणून त्याच लोकरीने जोडलेले असतात आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना टाके अखंड दिसतात. असा स्वेटर डोळे मिटून घ्यावा. शिवणीवर बारीक दोऱ्याची ओव्हरलॉकची दाट शिलाई असेल तर तो मशिनवर विणलेल्या कापडातून कापून शिवलेला आहे. थंडीत फुटपाथवर तिबेटी लोक विकतात त्या लुधियानाच्या मालात असे पुष्कळ असतात. अंगात घालायला छान, उसवायला निरुपयोगी, कारण कापलेल्या कापडाची प्रत्येक ओळ हा एक वेगळा तुकडा असतो. हातभर लांबीचे दोरे घेऊन करायचं काय?

मग स्वेटर उजेडासमोर धरा. कसर लागलेली असेल तर बारीक भोकं लगेच कळतात. जिथे भोक तिथे लोकर तुटणार. दोन-चार असतील तर चालवून घ्या, चाळणी झाली असेल तर सोडून द्या. कोपर, मनगट आणि कॉलर इथली लोकर झिजलेली असते, ती तशीही बाळासाठी वापरायची नाही. गरम पाण्यात धुऊन आटलेला, नमद्यासारखा घट्ट झालेला स्वेटर उसवायच्या भानगडीत पडू नका. त्यातले तंतू एकमेकांत इतके अडकलेले असतात की टाका सुटतच नाही. मोहेर किंवा फार केसाळ लोकरीचंही तेच.

आता लोकर खरी आहे की ॲक्रिलिक, हे बघायला हवं, कारण पुढचं सगळं धुणं-वाळवणं त्यावर ठरतं. शिवणीतून बोटभर तुकडा काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडेपेटीची काडी लावा. हे मोठ्या माणसानेच करायचं, खिडकीपाशी, पदर-ओढणी आवरून. खरी लोकर नाखुशीने जळते, काडी बाजूला घेतली की विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळत, ठिबकत जळतं आणि मागे काळा टणक मणी राहतो. मिश्र असेल तर थोडं हे, थोडं ते. ॲक्रिलिक निघालं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात आणि ॲक्रिलिक ते सोसतं. काही बाळांना खरी लोकर टोचतेही.

उसवणं

उसवताना लोक घाई करतात आणि कात्रीने लोकरच कापून बसतात. दुपारचा उजेड, मांडीवर पांढरं फडकं, बारीक टोकाची कात्री आणि लोकरीची बोथट सुई एवढं घेऊन बसा. आधी बटणं काढून वाटीत ठेवा. जुन्या स्वेटरची बटणं आजच्यापेक्षा हमखास चांगली असतात.

भाग ज्या क्रमाने जोडले त्याच्या उलट क्रमाने सुटे करायचे. कॉलर आणि बटणपट्टी शेवटी जोडलेली असते, ती पहिली काढायची. मग बगलेखालच्या आणि बाह्यांच्या शिवणी, मग बाह्या, शेवटी खांदे. शिवण दोन्ही हातांनी जरा ताणली की शिवणीचा धागा शिडीच्या पायऱ्यांसारखा आडवा दिसतो. तोच कापायचा, दर चार-पाच पायऱ्यांनी एक, आणि सुईने ओढून काढायचा. कापण्याआधी तो धागा सुईने किंचित उचलून बघा. उचलल्यावर टाक्यांची ओळ आवळली तर तो शिवणीचा नाही, विणीचा आहे. सोडा त्याला.

भाग सुटे झाले की शेवटचं टोक शोधायचं. विणकाम शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे उसवतं. खालच्या पट्टीकडून ओढत बसलात तर प्रत्येक टाक्यात गुंता होईल. म्हणजे पाठ आणि पुढचे भाग खांद्याकडून, बाही वरच्या टोकाकडून. टाके जिथे बंद केलेत तिथे एका कोपऱ्यात बारीक गाठ किंवा शिवणीत दडवलेलं टोक सापडतं. ते सोडवलं की एकेक टाका टप टप सुटत जातो आणि मग बंद करवत नाही, असं ते काम आहे.

इथे जरा रमतगमत चला, कारण विणलेला स्वेटर बघून कळत नाही ते उसवताना कळतं. आईने एक लोकर संपून दुसरी घेतली तिथे गाठ कुठेच मारलेली नव्हती. सात-आठ टाके दोन्ही टोकं एकत्र विणलेली, तीही नेहमी काठाजवळ, शिवणीत झाकली जातील अशी. उजव्या बाहीचं मनगट वेगळंच निघालं. वरून बाही उसवत आले आणि मनगटाच्या पट्टीपाशी धागा थांबला, कारण ती पट्टी उलट्या दिशेने विणलेली होती. मूळची झिजली असणार, तेव्हा तिने ती काढून टाकली, टाके उचलले आणि खालच्या दिशेने नवी विणली. रंग किंचित वेगळा होता, पण मी इतकी वर्षं तो स्वेटर हाताळून कधी लक्षात आलं नव्हतं. डाव्या बगलेत, जिथे कुणी बघणार नाही तिथे, चार ओळी खाकी लोकरीच्या होत्या.

ती खाकी कुठली, तेही मला ठाऊक आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. निफाडच्या वाड्यात दुपारची जेवणं उरकली की बायका ओसरीवर सुया घेऊन बसायच्या, असं आई सांगायची. यशवंतराव चव्हाण तेव्हाच संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि पुढच्या वर्षी आमच्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, त्यामुळे त्या स्वेटरांचा अभिमान जरा जास्तच. उरलेला खाकी गुंडा तिने टाकला नाही, एवढंच. वांगी लोकर कमी पडली तिथे लावून मोकळी झाली.

उसवलेली लोकर लगेच गुंड्यात गुंडाळू नका. ती कुरळी असते, गुंडा केलात तर कुरळीच राहील. खुर्चीच्या पाठीवर किंवा उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांभोवती सैल गुंडाळून लडी करा. घरात मूल असेल तर त्याचे दोन हात समोर धरायला लावा, खुर्चीपेक्षा बरं, आणि मुलाला गोष्ट सांगायला वेळही मिळतो. तुटलं की टोकं साधी बांधून पुढे जा, या गाठी पुढे काढायच्याच आहेत. लडी झाली की चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दोरा मधून फिरवून. रंगीत दोरा नको, रंग सोडतो.

धुणं आणि वाळवणं

कोमट पाण्यात थोडं रिठ्याचं पाणी किंवा चमचाभर साधा शाम्पू घाला, लड्या बुडवा आणि अर्धा तास विसरून जा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं एकत्र मिळालं की तिचा नमदा होतो. दोन पाण्यांतून काढा, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत काठीवर टांगा. खालून अगदी हलकं वजन द्या. मी कपडे टांगायच्या हँगरला चमचे अडकवते. वजन जास्त झालं तर लोकर ताणून वाळते आणि विणल्यानंतर पहिल्याच धुण्यात झबलं आकसतं. ॲक्रिलिकचा कुरळेपणा पूर्ण जात नाही, जेवढा जाईल तेवढ्यावर समाधान मानावं. त्याला वाफ किंवा इस्त्री देऊ नका, लोकर मेणचट लुळी पडते आणि पुन्हा कधीच उभी राहत नाही.

ट्रंकेत डांबरगोळ्या टाकल्या असतील तर हे धुणं दोनदा करा आणि लड्या चांगल्या हवेशीर जागी वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा. डांबरगोळ्यांतले कपडे तान्ह्या बाळाला तसेच घालायचे नसतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मतःच कमतरता असते, त्यांना त्या वाफेनेही कावीळ होऊ शकते. परत ठेवताना मी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवते आणि वर्षातून एकदा सगळं उन्हात काढते. उन्हासारखं कसरीवर दुसरं औषध नाही.

वाळल्यावर गुंडे करा, पण सैल. चार बोटं आत धरून त्यावरून गुंडाळा आणि मधूनमधून बोटं काढून घ्या, म्हणजे लोकर ताणली जात नाही. आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सहा महिन्यांच्या बाळाच्या झबल्याला १०० ते १२५ ग्रॅम पुरते. मोठ्या माणसाच्या स्वेटरातून झिजलेली काढून टाकूनही त्याहून बरीच जास्त निघते.

गाठी काढून टाकायच्या त्या आता. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकांचे पदर उलगडून एकमेकांवर ठेवा, पाण्याचा थेंब लावा आणि तळहातांत जोरात घासा. ज्या गुणामुळे स्वेटर आटतो त्याच गुणामुळे टोकं एकजीव होतात. ॲक्रिलिकला ही सोय नाही. तिथे आईसारखं करायचं, काठाजवळ सात-आठ टाके दोन्ही टोकं मिळून विणायची.

नातीला शिकवताना

थोरली नात आता चौथीत आहे. लडीसाठी हात धरून कंटाळली आणि म्हणाली, "आजी, मला पण सुया दे ना." दिल्या. पण वांगी लोकर नाही दिली. गडद रंगात नवख्याला टाके दिसत नाहीत. शिकायला फिका रंग, जाड लोकर आणि ७ किंवा ८ नंबरच्या सुया. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. हल्लीच्या सुयांवर दोन्ही आकडे असतात.

मुलांना टाके घालण्यापासून, म्हणजे सुईवर पहिले फास चढवण्यापासून, सुरुवात करायला लावू नका, ते सगळ्यात किचकट. वीस टाके घालून चार ओळी विणून सुया त्यांच्या हातात द्यायच्या. समोर नाही, शेजारी बसायचं, म्हणजे आपले हात आणि त्यांचे हात एकाच दिशेने चालतात. मूल डावखुरं असेल तर मात्र समोर बसा, तुमचं प्रतिबिंब बघून ते बरोबर उचलतं. सुलट टाक्याला चारच गोष्टी आहेत: उजवी सुई टाक्यात समोरून मागे घाल, लोकर तिच्या टोकाभोवती गुंडाळ, तो फास पुढे ओढ, जुना टाका डाव्या सुईवरून सोड. घाल, गुंडाळ, ओढ, सोड. नात हे म्हणत म्हणत विणायची आणि "सोड" म्हणताना सुईच सोडायची. चालतं. टाका गळला तर क्रोशाच्या सुईने वर आणता येतो.

सगळं विणकाम आईकडून लेकीकडे येतं असं म्हणतात, पण माझं निम्मं लोकलमधलं आहे. फोर्टला नोकरी होती. फर्स्ट शिफ्टच्या बायकांच्या डब्यात कुणी मटार सोलायचं, कुणी विणायचं. ठाण्याला चढणाऱ्या एका मल्याळी बाईंनी मला दादर येईपर्यंत जाळीची वीण शिकवली, त्यांना मराठी नाही, मला मल्याळम नाही. सुया दाखवल्या की पुरे. आईला ती वीण मीच शिकवली, म्हणजे आमच्या घरात विद्या वरच्या दिशेनेही गेली.

एक सांगून टाकते. लोकरीचं काम आपल्या भागात जुनं आहे, पण ते दोन सुयांचं नव्हे. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची घोंगडी सनगर समाजाचे विणकर मागावर विणतात, आणि ती घोंगडी अंगावर घेतली की काय टोचते ते घेतलेल्याला विचारा. मऊ लोकर आणि दोन सुया हे इंग्रजी अमदानीत मिशनच्या शाळांतून आणि मडमांकडून आलेलं. तीन-चार पिढ्यांत आपण ते इतकं आपलं केलं की डोहाळजेवणाच्या ओटीत लोकरीचं टोपडं नसेल तर चुकल्यासारखं वाटतं.

विणायला घेताना

आधी नमुन्याचा चौकोन. हा टाळला की झबलं बाहुलीला तरी होतं नाहीतर बापाला तरी. ८ नंबरच्या सुईवर २४ टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणत हातभर नाही, चार बोटं उंच चौकोन करा. मधल्या १० सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजा. मध्यम जाडीच्या, म्हणजे डबल निटिंगच्या लोकरीत साधारण २२ येतात. खालचे आकडे त्या हिशोबाने आहेत. तुमचे जास्त आले तर १० सेंटिमीटरांत जितके टाके त्याची अडीचपट करा, तेवढे पाठीला घाला. जुन्या स्वेटरांची लोकर पुष्कळदा बारीक असते. तशी असेल तर दोन गुंड्यांचे धागे एकत्र धरून विणा, झबलं उबदार होतं आणि लवकरही.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की दर दोन ओळींमागे एक वळी उठते. टेपपेक्षा या वळ्या मोजाव्यात. १० सेंटिमीटरांत अंदाजे २० वळ्या होतात. वळ्यांचा हिशोब ठेवला की दोन्ही पुढचे भाग नेमके सारखे येतात, टेपने कधीच येत नाहीत.

झबलं एका तुकड्यात होतं. पाठीच्या खालच्या काठापासून सुरू करून, खांद्यावरून पुढे उतरून पुढच्या काठाला संपवायचं.

पाठीसाठी ५६ टाके घाला आणि ३० वळ्या विणा, म्हणजे १५ सेंटिमीटर. आता बाह्या. ओळ संपली की तिथेच सुईवर ३० नवे टाके घाला, उलटून पूर्ण ओळ विणा, या टोकालाही ३० घाला. एकूण ११६. एवढे टाके सुईवर दाटीवाटीने बसतात, घाबरू नका. लांब सुया किंवा गोल सुई असेल तर उत्तम. नवे टाके घालताना अंगठ्याच्या नुसत्या फासाने घालू नका, बाहीचा काठ लुळा पडतो. शेवटच्या टाक्यातून सुलट विणल्यासारखा फास ओढा आणि तो डाव्या सुईवर परत चढवा, असे एकेक करत जा.

११६ टाक्यांवर २० वळ्या विणल्या की खांदा आला. आता ४६ विणा, मधले २४ गळ्यासाठी बंद करा, उरलेले ४६ विणा. बंद करणं म्हणजे दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडायचा, पुन्हा एक विणायचा, पुन्हा तसंच. बंद करताना हात सैल ठेवा. गळा आवळला की डोकं जात नाही आणि बाळाच्या आईचा चेहरा बघवत नाही. पहिले ४६ टाके दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवा.

ज्या ४६ टाक्यांना लोकर लागलेली आहे ते आधी पुरे करायचे. ८ वळ्या विणा आणि गळ्याच्या बाजूला येऊन थांबा. तिथे १६ नवे टाके घाला, ६२ झाले. यातले चार टाके दुसऱ्या बाजूवर चढायला जादा आहेत. खांद्यापासून मोजून एकूण २० वळ्या झाल्या की बाहीच्या टोकाचे ३० टाके बंद करा. राहिले ३२. त्यांवर ३० वळ्या विणून सगळे बंद. मग दोऱ्यातले ४६ टाके सुईवर घेऊन गळ्याच्या बाजूने लोकर जोडा आणि हेच आरशात बघितल्यासारखं करा. या दुसऱ्या बाजूला, नवे १६ टाके घातल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या ओळीत, पुढच्या काठापासून तीन टाके सोडून एक काज करा. लोकर पुढे घ्यायची, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, की भोक तयार. एक टाका कमी झाला, एक लोकरीच्या फेऱ्याने वाढला, हिशोब जुळला.

आता खांद्यावर दुमडा, बाहीखालची आणि बगलेची शिवण एका दमात शिवा. दोन्ही काठांच्या वळ्या समोरासमोर लावून, एकदा या बाजूची वळी, एकदा त्या बाजूची, असा टाका घेत गेलं की शिवण सपाट बसते. बाळाच्या कातडीला जाड शिवण काचते. शिवणीला लांबच लांब एकच धागा वापरा आणि टोक बगलेत दडवा, गाठ मारू नका. आईने तसंच केलं होतं म्हणून मला तिचा स्वेटर तासाभरात सोडवता आला.

बटण एकच, गळ्यापाशी, घट्ट शिवलेलं. आईच्या स्वेटरचं वापरणार असाल तर ओढून बघा. शंका असेल तर सपाट टिचबटण लावा. गळ्याभोवती लोकरीची नाडी आणि गोंडे मात्र नकोत. दिसतात गोड, पण तान्ह्या बाळाच्या गळ्याशी ओढता येईल असं काहीही असू नये. आतून लोंबणारे फासही तपासा, बाळाचं बोट अडकतं.

पहिल्यांदा घालण्यापूर्वी झबलं कोमट पाण्यातून काढा, टॉवेलवर पसरून हाताने आकार द्या आणि तसंच वाळू द्या. टांगलं की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. सूनबाईंना मी एवढंच सांगितलं की मशिनमध्ये टाकायचं असेल तर जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यात. तिला आठवडाभराचं हाताने धुणं सांगून उपयोग नाही, झबलं कपाटात राहील.

खाकी लोकरीच्या चार ओळींची छोटी लडी वेगळी निघाली होती. ती मी डाव्या बाहीच्या खालच्या काठाला, टाके बंद करायच्या आधी, दोन वळ्या लावून संपवली. नात म्हणाली रंग शोभत नाही. शोभत नाहीच.

वांगी लोकर मात्र अजून बरीच उरलीये आणि तिच्यावर नातीचा डोळा आहे. तिला मोबाईलचं कव्हर हवंय. त्याला १८ टाके पुरतात, सुई ८ नंबरचीच. फोनच्या उंचीच्या दुप्पट लांब पट्टी सुलट विणायची, मधोमध दुमडायची आणि दोन्ही बाजू शिवायच्या.